घंटीची जागा

त्या वर्षी पाटात पाणी आलं ते पाटालाच लाज वाटावी इतकं. एरवी गुडघाभर असणारं पाणी घोट्यावर आलं होतं, आणि तेही शेवाळाशी भांडत, थांबत, दम घेत चक्कीपर्यंत पोचायचं. रात्रभर चाकाकडचं पाणी अडवणारी फळी पाडून ठेवली तर वरचं कुंड भरायचं, आणि त्या पाण्यावर दगड दोन-अडीच तास फिरायचे. चक्कीवाली रोज सकाळी कुंडात उतरायची, भिंतीवरची ओल वितीनं मोजायची आणि ओठ मिटून वर यायची.

चक्कीवाली हे काही तिचं नाव नव्हतं. पण खरं नाव विचारलं असतं तर गावात चार माणसांना सांगता आलं नसतं. लग्न होऊन आली तेव्हा नवरा चार महिन्यांत घर सोडून शहरात ट्रक चालवायला गेला, आणि सासऱ्यानं, म्हणजे आबांनी, सुनेच्या हातात पोळपाट न देता दगड घडवायची पोलादी टाकी दिली. दगडाला टाकी कशी लावायची, दाणा किती सोडायचा, पीठ अंगठ्यावर घासून दगड तापला का ते कसं ओळखायचं, हे सगळं ती आबांकडून शिकली. नवरा पंधरा वर्षांनी परत आला तो दुखरी पाठ घेऊन. तोवर चक्की तिची झाली होती.

अडीच वर्षांपूर्वी पर्यटन खात्यानं चक्कीला ऐतिहासिक ठरवलं. दारावर तांबडा फलक लागला. 'एका दिवसाची सहल' म्हणून कागद छापले गेले. त्यात सकाळी टेकडीवरचा बुरूज, मग नदीवरचा दगडी पूल, मग पाणचक्की, आणि चक्कीच्या पुढे स्वच्छतागृह. चक्कीला अकरा मिनिटं नेमून दिली होती, स्वच्छतागृहाला वीस. चक्कीमागच्या दोन खोल्यांत घरच्यांनी राहावं, आणि त्या बदल्यात रविवारी पाहुण्यांना चक्की फिरवून दाखवावी, असा करार झाला. नवऱ्याला खात्याची टोपी मिळाली आणि तिकिटाच्या खिडकीत खुर्ची मिळाली. गाव त्याला त्या दिवसापासून टोपीवाला म्हणू लागलं.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. खात्याच्या साहेबांना पोती आवडली नाहीत. पोत्यांनी पाहुण्यांची वाट अडते, पिठानं फरशी निसरडी होते, आणि ऐतिहासिक वास्तूत गावचं दळण म्हणजे काही बरं दिसत नाही. मग एका सकाळी दळण बंद झालं. डोक्यावर गव्हाची पिशवी घेऊन आलेल्या बायांना चक्कीवालीनं स्वतः दारातून परत पाठवलं. "वरून हुकूम आहे," एवढंच ती म्हणाली होती. बाया पिशव्यांसकट वळल्या. तेव्हापासून त्या दोन कोस चालून फाट्यावरच्या विजेच्या गिरणीत जात होत्या, आणि चक्कीवरून जाताना तोंड दुसरीकडे करत होत्या.

आणि साहेबांना घंटी फार आवडली. चक्कीवर दाण्याची लाकडी पेटी होती आणि पेटीत चामड्याचा एक पट्टा. दाण्याचं वजन असेपर्यंत पट्टा दबलेला राहायचा; दाणा संपत आला की पट्टा सुटायचा आणि त्याला बांधलेली घंटी चाकाच्या धक्क्यानं वाजू लागायची. म्हणजे चक्कीवाल्यानं समजायचं, की एक तर दाणा घाला, नाही तर फळी पाडा. दोन दगडांमध्ये दाणा नसला की दगड दगडाला खातो. पितळेची ही घंटी साहेबांनी घासूनपुसून चकचकीत करवली आणि तिकिटाच्या खिडकीवर टांगली. बस आली की टोपीवाल्यानं ती वाजवायची.

"घंटी काढली म्हणजे चक्कीचा कान कापला," आबा म्हणाले होते. आबांना स्वतःला दहा-बारा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. दगडांच्या घरघरीनंच त्यांचे कान गेले. पण चक्कीच्या दाराच्या चौकटीवर तळहात टेकवला की दगड कसा चाललाय हे त्यांना कळायचं. दिवसातले कितीतरी तास ते तसेच, चौकटीला हात लावून, स्टुलावर बसून असायचे. पाहुणे त्यांचे फोटो काढायचे.

आता दाणा नाही आणि चक्की तर फिरवायची. यावर चक्कीवालीनं तोड काढली होती. वरचा दगड ज्यावर तोललेला असतो त्या दांड्याखाली पाचर ठोकली की वरचा दगड बोटभर उचलला जायचा. मग चाक फिरायचं, दगड फिरायचा, पण दगडाला दगड लागायचा नाही. दोन वर्षं हे चाललं. पण दगडाला दगड लागत नाही म्हटल्यावर आवाजही होत नाही.

"आवाज नाही," साहेब म्हणाले. सोमवारी ते मुद्दाम त्यासाठी आले होते. हातात पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही होती. "हे बघा. 'चक्की छान, पण मजा नाही आली.' 'पंख्यासारखी फिरते.' एका बाईंनी लिहिलंय, आतून मोटर लावलीय का? अहो, लोक एवढ्या लांबून येतात ते काय गप्प बसलेला दगड बघायला?"

"दाणा आणू द्या साहेब," चक्कीवाली म्हणाली. "दाणा आला की आवाज येईल."

"दाण्याचं आपलं झालंय बोलून. दगड खाली घ्या. पाचर काढा, बस."

"दगड खराब होईल."

"दगड कसा खराब होईल? दगडच आहे तो."

चक्कीवालीनं साहेबांकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. बूट काढून आत यायचा, आबांना नमस्कार करायचा. पण भांडं विस्तवावर रिकामं ठेवू नये हे ज्याला घरात कोणी शिकवलं नाही, त्याला काय सांगायचं?

"खाण बंद झाली त्याला तीस वर्षं झाली, साहेब. असा दगड आता कुठे मिळत नाही. मी रिकामा फिरवणार नाही."

"मी विचारत नाहीये तुम्हाला."

"मग मीही सांगतेच आहे."

मागे टोपी हातात घेऊन उभा असलेला नवरा घाईनं पुढे झाला. "होईल साहेब, होईल. मी बघतो." साहेब गेल्यावर तो बायकोवर खेकसला, "खोल्या त्यांच्या आहेत. आबांना घेऊन कुठे जायचं? रस्त्यावर? तुझ्या दगडाला उशाशी घेऊन झोपायचं का?"

"झोपेन," ती म्हणाली. "निदान तो घोरत तरी नाही."

पुढच्या रविवारी दोन बस येणार होत्या. सकाळी पाटात वर कुठेतरी तुंबलं म्हणून चक्कीवाली फावडं घेऊन पाटाच्या काठानं निघाली. अर्ध्या कोसावर एक झाड पडून पाटात आडवं झालं होतं, त्याला पाला-कचरा अडकला होता. ती मांडीपर्यंत चिखलात उतरली. फांद्या कोयत्यानं तोडल्या, कुजका पाला हातांनी उपसून काठावर टाकला. कंबर मोडून आली. पाणी सुटलं तसं तिच्या पायांमधून गार वाहू लागलं, आणि त्याचं तिला बरं वाटलं.

परत येताना चक्की शंभर पावलांवर असताना तिला वास आला. गारगोटीवर गारगोटी आपटल्यावर येतो तसला, पण शंभरपट. फावडं तिथेच टाकून ती पळत सुटली.

आत माणसं दाटली होती. बसबरोबरची गाइडबाई हातातल्या भोंग्यातून सांगत होती, की पूर्वी राण्या इथे स्वतः दळायला यायच्या. दगडांच्या फटीतून ठिणग्या उडत होत्या आणि माणसं टाळ्या वाजवत होती. चौकटीपाशी आबा उभे होते, हात चौकटीवर, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते ओरडत होते, पण बहिऱ्या माणसाचं ओरडणं लोकांना कार्यक्रमाचाच भाग वाटलं असावं.

चक्कीवालीनं माणसांना कोपरानं ढकललं, मागच्या दारानं बाहेर गेली आणि धाडकन फळी पाडली. चाक कुरकुरत थांबलं. तरी ती तिथेच उभी राहिली, चिखलानं भरलेल्या पायांनी, दोन्ही हात फळीवर दाबून, जणू हात काढला तर चाक पुन्हा सुरू होईल.

"अहो, परत लावा ना," आतून कोणीतरी म्हणालं. "माझा व्हिडिओ राहिला."

झालं होतं ते असं. टोपीवाला काही इतका अडाणी नव्हता. चक्कीवाल्याच्या घरात जन्मलेला होता. पाचर काढायची तर दाणा हवा हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बायको पाटावर गेल्यावर त्यानं घरातले दोन पायली गहू कोणाच्या नकळत पेटीत ओतले, पाचर काढली, फळी उचलली आणि खिडकीत जाऊन तिकिटं फाडत बसला. दाणा संपत आला की घंटी वाजेल, मग जाऊन फळी पाडू. लहानपणापासून तो हेच ऐकत आला होता. घंटी वाजली की आबा धावायचे. तो घंटीची वाट बघत बसला, आणि घंटी त्याच्याच डोक्यावर टांगलेली होती.

हे त्यानं संध्याकाळी स्वतःच सांगितलं. टोपी गुडघ्यावर ठेवून, खाली बघत. चक्कीवालीला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं.

"चक्कीवाल्याचा मुलगा," ती फक्त म्हणाली. ती शिवी नव्हती, पण नवऱ्याला लागली ती शिवीहून जास्त.

दुसऱ्या दिवशी दगड उघडला. वरचा दगड म्हणजे बसलेल्या बैलाएवढं धूड. तुळईला दोर बांधला, कडेखाली पहार घातली, पहार दाबली की पाचर, पाचर बसली की आणखी पहार. बोट बोट करत तो उचलला. उलटा करायच्या वेळी दोर धरायला तिसरं माणूस हवं होतं. नवरा न बोलावता आला आणि त्यानं दोर कमरेला गुंडाळून घेतला. पाठीतून कळ आली तेव्हा त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, पण दोर सोडला नाही.

दगड उताणा झाला तेव्हा तिघंही वाकून बघू लागली. दाण्याला फोडत, पीठ बाहेर ढकलत नेणारे चर एका बाजूनं पार गेले होते. तिथे दगड गुळगुळीत झाला होता, टक्कल पडल्यासारखा, आणि त्यावर जळल्याचा काळा डाग होता. आबांनी त्यावर बोट फिरवलं.

"माझ्या बापानं पाडलेला चर होता हा," ते म्हणाले. "मी नुसता खोल करत आलो."

मग तीन दिवस टाकी चालली. सरळ लाकडी पट्टीला गेरू लावायचा, पट्टी दगडावर फिरवायची, आणि जिथे लाल उमटेल तिथला उंचवटा टाकीनं उतरवायचा. पुन्हा गेरू, पुन्हा पट्टी, पुन्हा टाकी. दगडावर कुशीवर रेलून काम करावं लागतं, कोपराखाली कोंड्याची उशी घेऊन. दुपारपर्यंत एक बाजू बधिर होते, मग दुसऱ्या कुशीवर वळायचं. घाव जोरात घातला तर दगड फुटतो, हळू घातला तर टाकी नुसती नाचते. आबांच्या हातांच्या पाठीवर निळे ठिपके होते. साठ वर्षांत उडालेले पोलादाचे कण कातडीखाली जाऊन तिथेच बसले होते. चक्कीवालीच्या हातावरही होते, पण कमी.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," आबा मध्येच मोठ्यानं म्हणाले.

"दगडाला की आपल्याला?" तिनं त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं.

आबांना ते कळलं. "दगडाला," ते म्हणाले. "आपल्याला नुसता कंबरदुखीचा वर."

तिसऱ्या दिवशी साहेब आले. टाकीचा आवाज ऐकून त्यांना वाटलं काही दुरुस्ती चालली आहे, आणि ते खूश झाले. मग त्यांनी बातमी सांगितली. येत्या रविवारी मोठे साहेब येणार होते, त्यांच्याबरोबर पाहुणे, चार बस. सहलीचा हा मार्ग राज्यभर दाखवायचा की नाही हे त्या दिवशी ठरणार होतं.

"मागच्या रविवारच्या ठिणग्या लोकांना फार आवडल्या," साहेब म्हणाले. "वहीत बघा, पानंच्या पानं. तेवढं परत करायचं."

चक्कीवाली कुशीवर रेललेली होती, तशीच राहिली. हातातली टाकी खाली ठेवली नाही.

"या दगडातून ठिणगी निघणार नाही, साहेब. दाणा असेल तर फिरेल, नाही तर नाही."

"तुम्ही समजून घेत नाही आहात." साहेबांचा आवाज बारीक झाला. "हे माझ्या हातात नाही. रविवारी चक्की फिरली नाही, तर सोमवारी खोल्या रिकाम्या करून घ्याव्या लागतील. मी तसं लिहून देईन. मला द्यावंच लागेल."

"द्या लिहून," ती म्हणाली आणि पुढचा घाव घातला. उडालेला कण तिच्या मनगटाला लागला. तिथे रक्ताचा थेंब आला. तो तिनं पुसला नाही.

शनिवारी दिवस कलल्यावर ती गावात गेली.  पहिलं घर काकूंचं. काकू म्हणजे गावातलं सगळ्यात तिखट तोंड. चक्कीच्या दारातून ज्यांना परत पाठवलं त्यांच्यात त्या सगळ्यांत पुढे होत्या.

"उद्या दळण आणा," चक्कीवाली दारातूनच म्हणाली. "नेहमीसारखं."

काकू सुपात गहू पाखडत होत्या. पाखडत राहिल्या. "वरून हुकूम आला वाटतं?"

"नाही. मीच म्हणते."

"अस्सं. दोन वर्षं फाट्यावर जाऊन माझे गुडघे गेले. आम्ही शेतं तहानलेली ठेवून पाटाचं पाणी तुझ्या कुंडात येऊ द्यायचं, आणि ते कशासाठी, तर बसमधल्या लोकांना दगड गरगर फिरताना बघायला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आता दगड झिजला तेव्हा आम्ही आठवलो?"

"हो," चक्कीवाली म्हणाली. "तेव्हाच आठवलात. त्या दिवशी मी दार लावलं ते चुकलं माझं. हुकूम त्यांचा होता, पण हात माझा होता. येणार का ते सांगा."

काकूंनी सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत. बाकीच्या घरांतही असंच काहीसं झालं. एकीनं पाणी दिलं, एकीनं दारच उघडलं नाही. चक्कीवाली घरी आली आणि न जेवता आडवी झाली. कोणी येईल असं तिला वाटत नव्हतं. पण उद्या काय करायचं हे तिचं ठरलेलं होतं.

रविवारी कुंड काठोकाठ भरलं होतं. चार बस आल्या. टोपीवाल्यानं चार वेळा घंटी वाजवली. मोठे साहेब पांढऱ्या कपड्यांत होते, बोलायला मऊ, आणि त्यांच्या मागे छत्र्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. गाइडबाईनं राणीची गोष्ट सुरू केली. कोणीतरी ती खाणाखुणांनी आबांना समजावली. "राणी दळायला कशाला येईल?" आबा आपल्या भरघोस आवाजात म्हणाले. "तिला झोप येत नव्हती काय?" माणसं हसली. गाइडबाईनं भोंगा खाली केला.

"चला, सुरू करा," साहेब म्हणाले.

काहीच सुरू झालं नाही. साहेब मागच्या दारानं बाहेर आले. चक्कीवाली पाटात होती. फळीमागे तुंबलेलं पाणी मांडीपर्यंत, लुगड्याचा काचा मारलेला, आणि फळीवर दोन्ही हात टाकून ती उभी होती. फळीच्या कडीतून साखळी घातलेली, साखळीला कुलूप.

"बाई, हे काय?"

"दाणा आला की उघडते."

"मोठे साहेब आत उभे आहेत!"

"मी तर पाण्यात उभी आहे."

गर्दी मागच्या दाराशी जमू लागली. दोन-तीन फोन वर झाले. मोठे साहेबही आले आणि काय भानगड आहे ते विचारू लागले. साहेबांना घाम फुटला. ते वळून ओरडले, "टोपीवाले! किल्ली कुठे आहे? तुमच्या बायकोला बाहेर काढा आणि फळी उचला!"

टोपीवाला खिडकीतून उठून आला. गर्दीनं त्याला वाट दिली. तो पाटाच्या काठावर आला आणि बायकोकडे बघत उभा राहिला. गार पाण्यानं तिचे ओठ निळे पडले होते. किल्ली तिच्या कमरेला होती आणि हे त्याला दिसत होतं. हात लांब केला असता तर पोचला असता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं बाहेर राहिलेल्या या माणसाला तिनं त्याबद्दल कधी काही म्हटलं नव्हतं. आज म्हणायचं असतं तर कुठून सुरुवात करायची?

तो वळला आणि परत गेला. साहेबांना वाटलं कुलूप तोडायचं हत्यार आणायला गेला. तो खिडकीपाशी गेला, खुर्चीवर चढला आणि त्यानं घंटी काढली. मग टोपी काढून खिडकीत ठेवली. घंटी छातीशी धरून तो गर्दीतून आत आला, शिडीवरून पेटीपाशी चढला, आणि चामड्याच्या पट्ट्याला घंटी बांधली. गाठ मारायला त्याला वेळ लागला. हात विसरला होता, पण बोटांना आठवत गेलं.

"आता दाणा," तो वरून म्हणाला. कोणी हललं नाही. दाणा आणणारं कोणी नव्हतंच. मग तो खाली उतरला, मागच्या खोलीत गेला आणि घरातलं गव्हाचं पोतं, निम्मं संपलेलं, पाठीवर घेऊन आला. दुखऱ्या पाठीवर, वाकत, एकेक पायरी चढत. कोणीतरी मदतीला हात पुढे केला तर म्हणाला, "नको. हे माझंच आहे."

गहू पेटीत पडला त्याचा आवाज बाहेर पाटापर्यंत ऐकू आला. चक्कीवालीनं कमरेची किल्ली काढली. बोटं इतकी गारठली होती की किल्ली कुलपात जाईना. दुसऱ्या खेपेला गेली. तिनं फळी उचलली.

चाक एकदा हललं, थांबलं, आणि मग सुटलं. वरचा दगड खालच्यावर बसला आणि जी घरघर निघाली ती चौकटीतून, फरशीतून, उभ्या माणसांच्या तळव्यांतून चढली.  पिठाची पहिली धार पडली आणि तिचा गरम वास खोलीभर झाला. आबा चौकटीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ हात तसाच ठेवला आणि म्हणाले, "बसला. नीट बसला."

मोठे साहेब वाकून पीठ बघू लागले. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर पीठ दिसत नव्हतं, पण मिशीवर दिसत होतं. साहेब त्यांच्या कानाशी लागून नियम, फरशी, दळण असं काहीतरी सांगत होते. तेवढ्यात रिकाम्या तिकीट-खिडकीपाशी कोणीतरी ओरडलं.

"अरे, तिकीट कोण फाडणार इथे?"

काकू होत्या. डोक्यावर पिशवी, गुडघा धरून उभ्या. त्यांच्या मागे आणखी तीन बाया होत्या, डोक्यांवर पिशव्या, आणि रस्त्यावर आणखी कोणी येताना दिसत होतं.

"कोणी नाही," चक्कीवाली पाटातूनच ओरडली. तिचा आवाज फाटला. "आत या!"

त्या दिवशी अकरा मिनिटांची भेट पाण्याबरोबरच संपली, दोन तासांनी. काही पाहुणे स्वच्छतागृहाला जायचेही विसरले. मोठे साहेब मिशीवरचं पीठ पुसत बसमध्ये चढले. साहेब मात्र बसच्या पायरीवरून वळून म्हणाले, "मला लिहून द्यावं लागेल, बाई. मी सांगितलं होतं."

"हो. आणि मी ऐकलं होतं," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ते खरंच आले. बरोबर एक कारकून होता, त्याच्या हातात लाख, मेणबत्ती आणि शिक्का. साहेबांच्या हातात कागद. दार उघडं होतं. अंगणापासून पाटापर्यंत पोती आणि पिशव्या ओळीनं ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर ओळखीसाठी काही ना काही: एकीवर विटेचा तुकडा, एकीवर चप्पल, एकीवर काकूंची काठी. बाया सावलीत बसल्या होत्या. आत दगड चालले होते. टोपीवाला, टोपी न घातलेला, पिठाच्या पिशव्या भरत होता. भुवयांपर्यंत पांढरा झाला होता.

साहेब दारात उभे राहून वाचू लागले. "कराराचा भंग केल्यामुळे सदर जागा आजपासून..." घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यांनी आवाज चढवला.

"थांबा," चक्कीवाली म्हणाली. पिठानं माखलेला हात तिनं झाडला. "तुम्ही जागेला शिक्का मारणार?"

"मारावा लागेल."

"मग आतलं दळण ज्याचं त्याला देऊन टाका आधी. पेटीत एकीचा गहू आहे, दगडात दुसरीचा. कुणाच्या घरच्या गव्हावर शिक्का मारायचा असं तुमच्या कागदात लिहिलंय का?"

कारकून कागदात डोकावला, जणू लिहिलेलं असू शकेल. सावलीत बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. कोणी पुढे आलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. साहेबांनी ओळीकडे पाहिलं, पोती मोजली, आणि मध्येच मोजायची सोडून दिली. तशात पाटाच्या वरच्या वळणावरून आणखी एक जण पिशवी घेऊन येताना दिसला.

तेवढ्यात घंटी वाजू लागली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर, ठणठण, घाई करत. आबांना ती ऐकू आली नाही, पण चौकटीवरचा त्यांचा हात दचकला. टोपीवाला हातातली पिशवी टाकून शिडीकडे धावला, अगदी आबा धावायचे तसा.

"पुढचं आणा!" चक्कीवाली ओरडली. काकूंनी काठी उचलली, शेजारच्या बाईनं पोत्याला हात लावला, आणि पोतं दोघींमध्ये झुलत दारापाशी आलं. दारात साहेब उभे होते, कागद दोन्ही हातांत धरून.

"तुमचं दळण कुठे आहे?" चक्कीवालीनं त्यांना विचारलं.

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"मग बाजूला व्हा, साहेब. ज्यांनी आणलंय त्यांचा नंबर आहे."

साहेब बाजूला झाले.